कागद एक सांगतो, आजी दुसरंच: घराण्याचा माग काढताना आलेले अनुभव सांगा

बाबा गेल्यावर वारसाहक्काच्या इन्व्हेंतारसाठी, म्हणजे गोव्यातल्या इस्टेटवाटपाच्या न्यायालयीन प्रक्रियेसाठी, वंशावळ काढायला बसलो आणि आजीच्या गोष्टीपाशी अडलो. आजी म्हणायची, "आमी देवावांगडा आयले." म्हणजे 1560 च्या सुमारास मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं, तेव्हा आमचे पूर्वज पालखीबरोबर होते. मात्र "त्याला सात पिढ्या झाल्या," असंही ती ठामपणे सांगायची. सात पिढ्या म्हणजे फार तर दोनशे वर्षं. मधली अडीचशे वर्षं कुठे गेली?

उत्तर एका जुन्या खरेदीखतात मिळालं. पणजोबांच्या आजोबांनी कुंभारजुव्यातलं घर विकून, प्रियोळ ज्यात येतं त्या फोंडा महालात कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, घेतलं होतं. घरात कुंभारजुव्याचा उल्लेख मी कधीच ऐकला नव्हता. आता मला वाटतं, आजीच्या गोष्टीत दोन स्थलांतरं एक झाली आहेत. देवाचं फार जुनं आणि घराचं त्यामानाने अलीकडचं. पिढ्या तिने बरोबर मोजल्या होत्या, फक्त त्या दुसऱ्या स्थलांतराच्या होत्या. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे कारभाराचा वंशपरंपरागत हक्क असलेल्यांच्या, यादीत आमचं नाव नाही. आम्ही कुळावी, म्हणजे हा देव कुलदैवत असलेले, पण तो हक्क नसलेले. हे वाचून काका दुखावले, पण कुळावी म्हणून आमचं देवाशी असलेलं नातं त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि आजही सांगेन.

तुमच्या घरी कागद आणि आठवण कुठे भिडले? सविस्तर लिहा.

मडगावहून:
माझा अनुभव नावांचा. आजोबा यशवंत. जन्मनोंदीच्या अनुक्रमणिकेत 'वाय'खाली तीनदा शोधलं, सापडले नाहीत. घरात चर्चा सुरू झाली की त्यांचा जन्म मुंबईचा असणार. मग नोंदणी कार्यालयातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "ई बघितलं?" तिथे होते, 'एस्वोंता'. पोर्तुगीज लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलेलं. शंकर असेल तर 'एक्स' बघा, कारण 'श' त्या अक्षराने लिहीत. केशव 'क्यू'त, काशिनाथ 'सी'त. आडनावांचंही तेच: प्रभूचा पोरोबो, कामतचा कामोतिम, शेणवीचा सिनाय. आमच्या घरात सख्खे भाऊ दोन आडनावांनी आहेत. एकाने गोवा मुक्त झाल्यावर शाळेत गावावरून 'कर' लावलं, दुसऱ्याने जुनं ठेवलं. एका पिढीत चुलत घरं एकमेकांना परकी झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेडण्याहून:
आम्ही पणजीच्या पुराभिलेखात वर्षभर खेपा घातल्या. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे आलं, त्याआधी सावंतवाडीकरांचा अंमल, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. आमचे जुने कागद घरच्याच पेटीत होते, मोडी लिपीत. वाचणारा मिळायलाच वेळ लागला.

म्हापशाहून:
आई गणेशचतुर्थीला जन्मली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. दाखल्यावर मात्र जानेवारी. मामा म्हणायचे, आजीची आठवण चुकली. मी मूळ नोंदीची पूर्ण प्रत काढली. त्यात तारखा आकड्यांत नसून अक्षरांत, आणि दोन: जन्माची सप्टेंबरमधली, नोंद केल्याची जानेवारीतली. पुढे कुणीतरी उतरवताना दुसरीच घेतली. तेव्हा दाखल्यावर थांबू नका, मूळ नोंद मागा. आजी हे ऐकायला हवी होती.

डिचोलीहून:
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमच्या घरात सांगतात की आत्याने वडिलांच्या इस्टेटीतला हिस्सा स्वखुशीने सोडला, हसत सही देऊन गेली. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता, म्हणून आपल्याकडे घरोघरी असे हक्कसोड दस्त सापडतात. आमचाही सापडला. त्यात सही नाही, अंगठा आहे, आणि लिहिलं आहे की बाईला सही करता येत नाही.

पण माझ्याकडे आत्याने लग्नानंतर आईला पाठवलेली पत्रं आहेत. सुरेख, तिरक्या, एकसारख्या मराठी अक्षरातली.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. गेल्या महिन्यात जाऊन विचारलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "दादा म्हणाला, कागद पोर्तुगीजमध्ये आहे, तुला कुठे येतं, अंगठा पुरे." रागावली होतीस का, असं विचारलं, तर म्हणाली, "मला सही करायची होती गं."

दस्ताची प्रत आणि तिची पत्रं मी आता एकाच पाकिटात ठेवली आहेत.