कॉलेजातली इंटर्नशिप: ठाणं, कोर्ट, कारागृह... तुमचे अनुभव सांगा

पऱ्हाटी
काल भाच्याचा फोन आला. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, बारा आठवड्यांचं सर्टिफिकेट पाहिजे. तुझ्या लेटरहेडवर देऊन टाक ना, मी मधून मधून चक्कर मारीन." नाही म्हटलं तर रुसला. त्या नादात माळ्यावरून माझी २०११ ची डायरी काढली आणि वाचत बसले. वांग्याची भाजी करपली.

तालुका कोर्टात विधी सेवा समितीच्या (गरजूंना मोफत वकील देणाऱ्या) पॅनेलवर एक वकीलकाका होते, त्यांच्या हाताखाली होते मी. पहिले आठ दिवस बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, तारखा उतरवायच्या, शिपायाचा पुकारा ऐकायचा. नवव्या दिवशी काकांनी एक कागद हातात दिला. विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप, कलम ३७९, विशीतला मजूर पोरगा. जामीन पंधरा हजारांचा, एक जामीनदार. मंजूर होऊन तीन आठवडे झाले होते आणि पोरगा आतच. "याच्या गावी जा, जामीनदार शोध." बस, एवढंच.

एसटीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. कापूस वेचणीचे दिवस. त्याची माय वावरात होती, ओटीत कापूस. मला पाहून पहिला प्रश्न, "सुटला का?" मी सांगितलं, जामीन झाला आहे, आता सातबारावाला माणूस पाहिजे. तिनं जामीनचं जमीन ऐकलं. म्हणाली, "आमच्यापाशी जमीन नाही म्हणून सोडून नाही राहिले का बाई?" मी समजवायला तोंड उघडलं, की तसं नाही माय, आणि मधेच थांबले. तसंच तर होतं.

चुलत्याचा सातबारा होता, त्यावर सोसायटीचा बोजा. पोलीस पाटील म्हणाले, मी कसा अडकू. शेवटी जिच्या शेतात ती सालोसाल वेचायला जायची त्या बाईनं आपल्या मुलाला उभं केलं. मग ऐपतीच्या दाखल्यासाठी दोन चकरा. पोरगा एक्केचाळिसाव्या दिवशी बाहेर आला. परीक्षेत जामिनाच्या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते, हे आठवून अजून लाज वाटते.

तुमचंही लिहा. वकिली, एमएसडब्ल्यू (समाजकार्य), फॉरेन्सिक, काहीही. भाच्याला वाचायला देणार आहे.

झाडीपट्टीवाला
जामीन आणि जमीन. बापा. सकाळी सकाळी काहून रडवता ताई.

मीठमिरची
बीएस्सी फॉरेन्सिक, २०१७. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली ते साल. पंधरा दिवस एका ग्रामीण रुग्णालयाच्या पीएम (शवविच्छेदन) रूमला. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला पाठवायचा तर मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात, पुस्तकात वाचलं होतं. पहिल्याच दिवशी मीठ संपलेलं. मला पाठवलं किराणा दुकानात. दोन किलो मीठ मागितलं तर दुकानदार काका हसून म्हणे, "लोणचं घालता का बेटा?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते.

वास तोच, जो बाबा फवारून घरी आले की शर्टाला यायचा. तिसऱ्या दिवशी घरी फोन करून त्यांच्यावर ओरडले, तोंडाला रुमाल का बांधत नाही म्हणून. त्यांना कळेचना पोरीला काय झालं.

एसटी_लाल
@मीठमिरची फवारणीच्या वेळी रुमालानं काही होत नाही ग. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा. आमच्या काकांना उलट्या झाल्या होत्या, दोन दिवस भरती.

मीठमिरची
माहीत आहे हो दादा. तेव्हा तेवढंच सुचलं. काका आता बरे आहेत ना?

एसटी_लाल
ठणठणीत. संत्र्याच्या भावावरून रोज भांडतात.

मुन्शीचा_चेला
मी पोलीस ठाण्यात होतो. कुठल्या ते विचारू नका. सर्टिफिकेटसाठीच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. मुन्शीजींनी अक्षर पाहिलं आणि बसवलं लिहायला. "आम्ही खाली सह्या करणारे पंच..." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की लग्नपत्रिका लिहितानाही हात तिकडेच जायचा. पंच कोण? टपरीवाला. मोहा सडव्याची (दारूसाठी सडवलेल्या मोहफुलांची) धाड असो की जुगार, टपरीवाला हजर. एकदा कोर्टात वकिलानं विचारलं, तुम्ही आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? तो म्हणे, "साहेब, चहाचे कप मोजतो मी, सह्या नाही." न्यायाधीशांनी मान खाली घातली, हसू लपवायला असावी. केस मात्र गेली.

आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. परवा त्याच ठाण्यात गेलो होतो. जमादार साहेब मोबाईल वर धरून टेकडीवर उभे. मी म्हटलं रेंज नाही का? "कव्हरेज बी नाही आन् पंच बी नाही," म्हणे. टपरीवाला वारला.

खारे_शेंगदाणे
कोर्टासमोरचा आलुबोंडा कोणी विसरलं का? तर्री मागितली की वरून शेव फुकट. आमच्या अख्ख्या बॅचची हजेरी तिथेच लागायची.

झाडीपट्टीवाला
आर्वीचा का?

खारे_शेंगदाणे
नाही जी, दर्यापूरचा. आर्वीचाही खाल्ला आहे, पण तिथे तर्री गोड लागते मले.

झाडीपट्टीवाला
गोड?? भाऊ, तुमचं आमचं जमणार नाही. असो. मी गडचिरोलीकडे होतो, एमएसडब्ल्यूचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग प्रत्यक्ष काम. एका आजीचं म्हणणं लिहून घ्यायचं होतं, ती फक्त माडिया बोलणारी. ती दहा मिनिटं हातवारे करून बोलली. मधला माणूस म्हणाला, "मला काही माहीत नाही असं म्हणते." कागदावर दीड ओळ. आजी कागदाकडे पाहत होती, मग माझ्याकडे. मी सही केली साक्षीदार म्हणून. ते करायला नको होतं.

पऱ्हाटी
@झाडीपट्टीवाला वय काय होतं तुमचं?

झाडीपट्टीवाला
बावीस. ते काही कारण नाही ताई.

निळी_शाई
एमएसडब्ल्यू, अमरावती. कॉलेजची सहल म्हणून मोर्शीच्या खुल्या कारागृहात गेलो होतो. बंदी शेतात काम करत होते आणि मी इकडेतिकडे बघत होते की तुरुंग सुरू कुठून होतो. एकानं विचारलं, "ताई, तुमच्याकडे पाऊस आला का?" मी म्हटलं नाही. तो म्हणे, "घरी पेरलं असेल, आता दुबार." घर माझ्या गावापासून दोन कोसांवर निघालं. बाकी प्रश्नावली मी भरलीच नाही. बाळ उठलं, नंतर लिहिते.

अनुभवशून्य
माझं उलट. चार आठवडे झेरॉक्स आणि चहा. एकदा सरांच्या मुलीला ट्यूशनला सोडलं. शिकलो काय तर कोर्ट फी स्टॅम्प नीट चिकटवायला.

मुन्शीचा_चेला
अरे मग शिकला ना काहीतरी.

कलम_बहाद्दर
पऱ्हाटी ताई, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, मग पॅरालीगल व्हॉलंटियर (कायद्याची मदत करणारा स्वयंसेवक) किंवा वकील जाऊन त्याला भेटतो. नव्या संहितेचं कलम ४७९ पण आहे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला की सोडायचं. पण चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष काढल्यावर. तुमच्या पोराच्या एक्केचाळीस दिवसांना त्याचा काही उपयोग नव्हता.

विद्यार्थी_दारव्हा
मी शेवटच्या वर्षाला आहे. अर्ज कुठे करायचा? आमच्या घरात कोणी वकील नाही.

कलम_बहाद्दर
कॉलेजचं पत्र घेऊन थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे, पाच वर्षांच्याला वीस. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आतापासून वाटून घे. कारागृहाच्या भेटीला नेतात का ते विचार. आत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे खुद्द आतल्यांनाच माहीत नसतं, तिथून सुरुवात कर.

विद्यार्थी_दारव्हा
धन्यवाद सर. सोमवारी जातो.

खारे_शेंगदाणे
डबा घेऊन जा. किंवा आलुबोंडा.

एसटी_लाल
ताई, त्या चोरीच्या मोटारीचं काय झालं पण?

पऱ्हाटी
आत्ता डायरीत पाहिलं. मालकानं अर्ज केला, सुपूर्तनामा (मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी) लिहून दिला आणि आठव्या दिवशी घेऊन गेला. ओलीत सुरू होतं ना त्याचं.

भाचा उद्या येतोय. लेटरहेड मागायला नाही, म्हणतो. बघू. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, जाते.