विमानापेक्षा वर्गच जास्त

'दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश हवाई दलासाठी विलायतेला गेलेले आपले वैमानिक दिवसभर विमानंच उडवत असणार,' असं कुणालाही वाटेल. कुठलं काय! त्या ऑक्टोबरात हिंदुस्थानातून २४ जण तिकडे पोचले, ते ऐन लंडनवर बॉम्ब पडत असताना. शिकाऊंचा बराच वेळ वर्गात जायचा. हवामान, दिशाशोधन, मोर्स या संकेतलिपीची टिकटिक, शत्रूचं विमान नुसत्या आकारावरून ओळखणं. ढग उतरले की उड्डाण रद्द, आणि तिकडच्या हिवाळ्यात ढगांना काय तोटा!

टायगर मॉथ हे शिकाऊंचं विमान तर उघडंच. पुढे प्रशिक्षक, मागे शिकाऊ, बोलणं नळीतून. डिसेंबरात पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट मोटारसायकलनं चढून बघा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल. (महाबळेश्वरकरांनी हसू नये.) रात्री ब्लॅकआउट, म्हणजे हल्ल्याच्या भीतीनं दिवे बंद; लोणी, साखर, चहा सगळं रेशनवर.

महिंदरसिंग पुजी त्यांच्यातलेच, फेटा बांधून हरिकेन हे लढाऊ विमान उडवायचे. मला मात्र घरच्यांचं जास्त वाटतं. पत्रं सेन्सॉर होऊन यायची, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात तर १९४३ पासून त्याच इंग्रजाविरुद्ध क्रांतिकारक नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे गावोगावचा समांतर कारभार, चालू होतं. अशा गावात 'पोरगं विमान शिकतंय' हे पारावर कोणत्या तोंडानं सांगायचं?