गोल्ड-प्लॅटिनम सदस्यत्व नसताना देशांतर्गत विमानात चांगली सीट कशी मिळवावी? (तातडीने मदत हवी आहे)

निशिगंध
पुढच्या शुक्रवारी दोन-अडीच तासांचा देशांतर्गत विमानप्रवास आहे. तिकिटे काढून झाली आहेत, पण सीट निवडायला गेले की पुढच्या बहुतेक जागा एकतर जादा पैशांच्या दिसतात, नाहीतर राखाडी रंगात बंद असतात, आणि फुकट उरतात त्या अगदी मागच्या, मधल्या सीट. वर्षातून एखाद्या वेळी विमानात बसणाऱ्याकडे वरच्या श्रेणीचे सदस्यत्व कुठून असणार? ग्राहक सेवा केंद्राला फोन केला, तर ‘वेब चेक-इनच्या वेळी पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. अशा प्रवाशाला चांगली सीट मिळण्याचा खात्रीचा मार्ग कृपया लवकर सांगावा.

मुशाफिर
विमान कोणते आहे, प्रवासी किती आहेत, सगळे एकाच पीएनआरवर आहेत का आणि चांगली सीट म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ मध्ये एका रांगेत तीन-तीन अशा सहा सीट असतात, तर एटीआर-७२ मध्ये दोन-दोन, म्हणजे तिथे मधली सीटच नसते. शिवाय एटीआरला प्रवाशांचा दरवाजा मागे असल्यामुळे मागे बसलेले लोक आधी उतरतात आणि पंख्यांचा आवाजही मागे कमी येतो, त्यामुळे पुढची जागा चांगली हा नियम तिथे चालत नाही.

रानवारा
एवढा खल करण्याची गरज नाही. थोडे जादा पैसे भरून आपत्कालीन दरवाजाजवळची रांग घ्यावी. तिथे पायांना जितकी जागा मिळते तितकी इकॉनॉमीत सहसा दुसरीकडे मिळत नाही. मी उंच आहे आणि नेहमी तीच रांग घेतो.

चांदणी
रानवारा, धागाकर्तीला जादा पैसे न देता मार्ग हवा आहे असे मला वाटते. राखाडी दिसणारी प्रत्येक सीट विकली गेलेली नसते. काही जागा नियमित प्रवाशांसाठी आणि काही विमानतळावरच्या काउंटरसाठी अडवून ठेवलेल्या असतात आणि त्या टप्प्याटप्प्याने मोकळ्या होतात. वेब चेक-इन बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या २४ किंवा ४८ तास आधी उघडते. त्या मिनिटाला तयार राहावे. तेव्हा जमले नाही तर उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा सीटचा नकाशा उघडावा, कारण वरच्या वर्गात बढती मिळालेल्या आणि तिकीट रद्द केलेल्या प्रवाशांच्या जागा तोवर रिकाम्या झालेल्या असतात. शेवटचा उपाय म्हणजे काउंटरवर लवकर पोहोचून शांतपणे विचारणे. आणि आपत्कालीन दरवाजाच्या दोन रांगा असतील तर त्यांपैकी पुढच्या रांगेच्या पाठी सहसा मागे झुकत नाहीत, हेही सांगायला हवे होते.

रानवारा
दोन तासांच्या प्रवासात पाठ झुकवायची कशाला? मागच्या माणसाच्या गुडघ्यांचाही विचार करावा.

चांदणी
झुकणारी पाठ ही त्या सीटचाच भाग आहे आणि कंबरदुखी असलेल्याला दोन तासही पुष्कळ होतात.

वाटसरू
खिडकीची सीट घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बोइंग ७३७ मध्ये पंखांच्या थोडे पुढे डाव्या बाजूला भिंतीतून वातानुकूलनाची नळी जाते, त्यामुळे तिथल्या ‘ए’ सीटवर बसणाऱ्याला खिडकीऐवजी कोरी भिंत मिळते. नकाशात हे दिसत नाही.

निशिगंध
खिडकीचा प्रश्नच नाही. सीट माझ्यासाठी नाही, आईसाठी हवी आहे. तिच्या डाव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले आहे आणि तो पूर्ण दुमडत नाही. आम्ही दोघी एकाच पीएनआरवर आहोत आणि विमान ए-३२० आहे. आपत्कालीन दरवाजाची रांग घेऊ का, एवढेच सांगा.

मुशाफिर
ही माहिती पहिल्यांदाच दिली असती तर उत्तर केव्हाच मिळाले असते. आपत्कालीन दरवाजाची रांग मुळीच घेऊ नका. तिथे बसणाऱ्याला वेळ पडल्यास जड दार उघडून इतरांना बाहेर पडायला मदत करावी लागते, म्हणून ज्याच्या हालचालीवर मर्यादा आहे त्याला कर्मचारी तिथून उठवतात. पैसे भरले असले तरीही. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, त्यामुळे न दुमडणारा पाय पुढे सरकवता येत नाही.

आईंसाठी ‘डी’ सीट पाहा (रांगेत डावीकडून ए-बी-सी, मग मोकळी वाट आणि पलीकडे डी-ई-एफ अशा सीट असतात). तोंड पुढे करून बसल्यावर ‘सी’च्या उजव्या हाताला मोकळी वाट असते आणि ‘डी’च्या डाव्या हाताला. डावा पाय अधूनमधून लांब करायचा असेल तर ‘डी’च हवी, फक्त ट्रॉली येताना तो आत घ्यावा लागेल. तुम्ही शेजारची ‘ई’ घ्या, ती मधली असल्यामुळे बहुधा फुकट मिळेल.

आता पुन्हा फोन कराल तेव्हा ‘चांगली सीट हवी’ असे म्हणू नका. ‘प्रवाशाचा डावा गुडघा दुमडत नाही, पीएनआरवर विशेष साहाय्याची नोंद करा’ असे सांगा. बहुतेक कंपन्या हे ४८ तास आधी कळवायला सांगतात. व्हीलचेअरची नोंद वेगळी असते आणि तिच्यामुळे सीट आपोआप बदलत नाही.

रानवारा
पहिल्या रांगेत उठायला-बसायला सोपे जाते, हे मात्र मी अजूनही म्हणेन.

चांदणी
उठायला सोपे जाते हे खरे, पण तिथे जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत असतो, त्यामुळे मधली दांडी वर होत नाही आणि समोर खुर्ची नसल्यामुळे औषधांची पिशवीसुद्धा उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात ठेवावी लागते.

निशिगंध
सर्वांचे आभार. फोनवर मुशाफिर यांचेच वाक्य वापरले. नोंद करून घेतली आणि अठराव्या रांगेतल्या डी व ई या सीट जादा पैसे न घेता दिल्या. विमान ऐनवेळी बदलले तर काय होईल?

मुशाफिर
तर सीट नव्याने वाटल्या जातात, म्हणून आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी पीएनआर तपासा. नोंद असल्यामुळे काउंटरवर नव्याने सगळे समजावून सांगावे लागणार नाही. आणखी एक गोष्ट सांगतो: वाटेकडची दांडी घट्ट बसवलेली वाटते, पण पुष्कळ खुर्च्यांना ती जिथे पाठीला जोडलेली असते तिथे खालच्या बाजूने एक छोटी कळ असते. ती दाबली की दांडी वर होते आणि आईंना गुडघा न वळवता आडवे सरकून बसता येईल. विमानात शिरताच कर्मचाऱ्यांना ती उघडून द्यायला सांगा.