नोटिस पिरियड ९० दिवसांचा करून लॉयल्टी येते का?

चाकरमानी: सगळ्या कंपन्यांचं एकच रडगाणं, आजकालची पोरं टिकत नाहीत. आणि उपाय काय तर ९० दिवसांचा नोटिस पिरियड, दोन वर्षं सोडणार नाही असा बाँड लिहून घ्यायचा, नोकरी सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवायचं. मेयर आणि ॲलन या दोन संशोधकांनी १९९१ मध्येच सांगितलंय की माणूस कंपनीत तीन कारणांनी राहतो, मनापासून राहावंसं वाटतं म्हणून, राहणं कर्तव्य वाटतं म्हणून, नाहीतर सोडलं तर नुकसान होईल म्हणून. २००२ मध्ये मेयर मंडळींनी बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर मनापासून राहणारे कामात सगळ्यात उजवे निघाले, आणि नुकसानीच्या भीतीने राहणाऱ्यांचं काम त्यामुळे काही सुधारत नाही, झालंच तर थोडं बिघडतं. मग बाँड कशासाठी?

भोसरीकर: साहेब, हे मोठ्या कंपन्यांचं झालं. माझं छोटं वर्कशॉप आहे. आयटीआय झालेला पोरगा येतो, त्याला व्हीएमसीवर (धातूचे भाग कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) सेटिंग, टूलचं माप म्हणजे ऑफसेट घेणं, ड्रॉइंग वाचणं सगळं शिकवायचं, तोवर बनवलेले पार्ट रिजेक्ट होतात ते मटेरियल माझं, टूल तुटतात ते माझे, आणि हात बसला की चाकणला दोन हजार जास्त मिळतात म्हणून दिवाळीचा बोनस घेऊन जो जातो तो फोनपण उचलत नाही. मी बाँड नको तर काय करू?

स्नेहल_एचआर: भोसरीकरांशी सहमत. आणि नुकसानीच्या भीतीला एवढं वाईट ठरवू नका, पैशाने माणसं टिकतातच. फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली चौदा हजारांच्या आसपास कामगार टिकवायला वर्षात बावन्न हजारांवर माणसं भरावी लागली होती, जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि सोडून जाणं एकदम घटलं. तिथं प्रेमबिम काही नव्हतं.

चाकरमानी: ताई, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे की! फोर्डने पगार वाढवला, कागद अडकवले नाहीत. आणि राजीनामा देऊन तीन महिने खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी रोज बघतोय, त्याला नवीन काम कोणी देत नाही, जुनं तो करत नाही, आणि शेजारचे चार जण ते बघून आपापला रेझ्युमे काढतात. भोसरीकर, तुम्ही असं का करत नाही, सेटिंग आलं की एक वाढ, प्रोग्रामिंग आलं की दुसरी, आणि हे पहिल्याच दिवशी पोराला सांगून टाकायचं.

भोसरीकर: सांगेन हो, पण ती वाढ आणायची कुठून? २००६ च्या एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात लिहिलंय की छोट्या सप्लायरचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. माझं बिल चार-चार महिने अडकतं, आणि ज्या कंपनीकडे अडकतं तीच माझा पोरगा दोन हजार जास्त देऊन नेते. तक्रार करायला सरकारी पोर्टल आहे, माहितीये मला, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद.