मदत हवी आहे: नवमतदारांच्या सत्रात मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मुलांसाठी मतदार जागृतीचं सत्र माझ्या गळ्यात पडलंय. 25 जानेवारीची, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनाची, शपथ आणि फलक दरवर्षी होतातच, त्याने कुणाचं नाव यादीत चढत नाही. मला दोन तास मिळालेत, ते भाषणात घालवायचे नाहीत.

नोंदणीचं जमेल. 17 पूर्ण झाली की फॉर्म 6 (नव्याने नाव नोंदवायचा अर्ज) आगाऊ भरता येतो, आणि 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेपर्यंत 18 पूर्ण होतील त्याप्रमाणे नाव लागतं. पण वसतिगृहातल्या मुलांनी नाव कुठे घालायचं?

खरा प्रश्न पुढचा. मत कुणाला द्यायचं हे ठरवायची सवय कशी लावायची? मागच्या निवडणुकीतली उमेदवारांची शपथपत्रं (मालमत्ता, कर्ज, खटले यांची माहिती ते त्यात देतात) निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, ती गटागटांत वाचायला द्यावीत असं डोक्यात आहे. पण वर्गात पक्षावरून जुंपली तर प्राचार्य पुन्हा असलं काही करू देणार नाहीत. कुणी असं घेतलंय का?

प्रतिसाद 1
वसतिगृहवाल्यांना दोन्ही पर्याय आहेत, घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. वसतिगृहाचा दिला तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं. नाव एकाच ठिकाणी ठेवायचं, हे मात्र दोनदा बजावा. आधीच गावी नाव असेल तर फॉर्म 6 नाही, पत्ता बदलायचा फॉर्म 8.

प्रतिसाद 2
मी घेतलंय, रंगतं. एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रं द्या. मालमत्तेसोबत कर्जाचा रकानाही बघायला लावा, आणि जोडीदाराच्या व अवलंबितांच्या नावावर काय आहे तेही. पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न शेजारीच असतं, मग मुलं आपणहून बेरजा करायला लागतात. प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी (कोर्टाने दोषी ठरवलेलं असणं) वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते. तो फरक मात्र तुम्हीच समजावून सांगा, कारण बहुतेक जण 'गुन्हा' दिसला की तिथेच थांबतात.

वेळ उरला तर तुंबलेलं गटार, परीक्षेचा घोळ, रेल्वेचा थांबा अशा तक्रारी देऊन विचारा: यातलं नगरसेवकाचं काय, आमदाराचं काय, खासदाराचं काय? इथे मोठी माणसंही अडखळतात.

भांडणं टाळायला नाव आणि पक्ष झाका. पक्ष पहिल्याच पानावर असतो. जमिनीच्या तक्त्यातली गावंही खोडा, नाहीतर मुलं दोन मिनिटांत माणूस ओळखतात.