'बधिरांध' म्हणावं का?

प्रश्न: एका अमेरिकी कादंबरीचा परिचय लिहितोय. नायक विशीतला, जन्मापासून ऐकू न येणारा. नजर पुढे अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारामुळे गेली. त्याला स्वतःचं आयुष्य स्वतः ठरवायचंय, आणि तो प्रेमातही पडलाय. त्याला काय म्हणू? 'मूकबधिर व अंध', 'बहुविकलांग' की 'बधिरांध'?

— आधी 'मूक' काढा. खुणांच्या भाषेत घडाघडा बोलणारा मुका कसा? 'बहुविकलांग'मधून नेमकं काहीच कळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बहुविकलांगत्वाच्या नोंदीत हा प्रकार वेगळा सांगावा लागला. 'बधिरांध' सलग लिहा. बहिरा माणूस डोळ्यांवर भिस्त ठेवतो, आंधळा कानांवर. इथे दोन्ही नाहीत, म्हणून ही नुसती बेरीज नव्हे. मुंबईत १९७७पासून चालणाऱ्या हेलन केलर संस्थेच्या नावातही 'डेफब्लाइंड' सलगच आहे.

— मला समास खटकतो. धर्मांध, मदांध, कामांध यांत पहिलं पद आंधळेपणाचं कारण असतं. मग बधिरांध म्हणजे बहिरेपणामुळे आंधळा? (प्रेमकथेत 'कामांध'चा शेजार तर नकोच!)

— धर्म, मद, काम ही नामं आहेत, बधिर हे विशेषण. 'मूकबधिर'सारखी दोन विशेषणं शेजारी आली, एवढंच. खरी अडचण 'अंध'ची. अशरमध्ये बहुधा आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचं दिसणं आक्रसत जातं. कित्येकांना मधलं थोडं वर्षानुवर्षं दिसतं. नायकाला किती दिसतं ते परिचयात एका वाक्यात सांगा. आणि त्याच्यासोबत राहून इतरांचं बोलणं त्याला खुणांनी सांगणाऱ्या माणसाला 'मदतनीस' करू नका. तो दुभाषा आहे. मदतनीस म्हटलं की निर्णय त्याच्या हाती गेल्यासारखा वाटतो.

प्रश्नकर्ता: पटलं. पण स्पर्शाने चालणारं संभाषण कसं लिहू? 'त्याने तिचे हात धरले' म्हटलं की वाचक थेट प्रेमप्रसंगात शिरतो.

— इथे 'धरले' नकोच, कारण स्पर्शाने खुणा 'ऐकणाऱ्या'चे हात खुणा करणाऱ्याच्या हातांवर असतात; बँकेत चौकशी करतानाही आणि प्रेयसीशी बोलतानाही. 'हातावर हात' म्हणाल तर मराठीत तो रिकामटेकडा ठरेल! सरळ 'तिच्या हातांवर हात ठेवून तो ऐकू लागला' असं लिहा. पुढे नुसतं 'ती म्हणाली', 'तो म्हणाला'. दर वेळी 'खुणेने' नको. 'धरले' हे क्रियापद मात्र जपून ठेवा, तो खरोखर धरेल तेव्हा लागेल.