स्विफ्टची कंपनी म्युझिक सिस्टीम सुधारायची आहे, पहिला खर्च कशावर करू?

पंचवटीकर

गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय. कंपनीचा साधा ब्लूटूथवाला स्टिरिओ, चार दारांत चार स्पीकर, वेगळे ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) नाहीत. आवाज थोडा वाढवला की तबल्याचा बायां नुसता थपथप वाजतो, डोअर पॅड खडखडतं आणि गाणारा गुडघ्यापाशी बसून गातोय असं वाटतं. दुकानात सांगितलं, आधी अँड्रॉइड स्टिरिओ घ्या, मग चारही स्पीकर बदला आणि डिकीत बास ट्यूब (जाड स्वरांसाठी नळीच्या आकाराचा स्पीकर) टाका. बजेट २०,००० पर्यंत, तेही टप्प्याटप्प्याने. वायरी कापायच्या नाहीत. पाने, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर हाताळता येतात. सुरुवात कुठून करू? आणि स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असतं ते खरं धरायचं का?

तांब्याची तार

स्टिरिओ आहे तो राहू द्या. पहिला पैसा पुढच्या दोन दारांत घाला.

५० × ४ ही क्षणभराची कमाल आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर स्टिरिओच्या आतली आयसी (आवाज मोठा करणारी चिप) ४ ओहमच्या स्पीकरला २६ वॅटच्या वर स्वच्छ देऊच शकत नाही, प्रत्यक्षात १५ ते २० वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी ताकद) मिळतात. नव्या अँड्रॉइड स्टिरिओतही व्होल्ट तेवढेच आणि आयसी त्याच जातीची. स्क्रीन मोठी होईल, ताकद वाढणार नाही.

म्हणून स्पीकर घेताना वॅटचा आकडा पाहू नका, सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. ९० डीबी किंवा जास्त हवी. ३ डीबीचा फरक म्हणजे दुप्पट वॅट: ९० डीबीचा स्पीकर २० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ वाल्याला ४० लागतात. इम्पीडन्स (स्पीकरचा विद्युत अडथळा) ४ ओहमच घ्या. २ ओहमचे स्पीकर स्टिरिओला थेट लावले तर आयसी तापते आणि आवाज बंद पडत राहतो.

गुडघ्यापाशी गाणं ऐकू येतं कारण उंच स्वर सरळ रेषेत जातात आणि तुमचा स्पीकर खाली पायाकडे तोंड करून बसलाय. कोअ‍ॅक्सियलमध्ये (एकाच स्पीकरमध्ये दोन्ही) ट्वीटर त्याच जागी राहतो. कंपोनंट सेट घ्या, म्हणजे वूफर (जाड स्वरांचा मोठा स्पीकर) दारात आणि ट्वीटर आरशामागच्या तिकोनी कोपऱ्यात. आवाज लगेच डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. मागच्या दारांना हात लावू नका, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) दोन-तीन घरं पुढे घ्या.

साधारण खर्च: कंपोनंट जोडी ५ ते ७ हजार, दोन दारांच्या डॅम्पिंग शीट (पत्र्याचा थरथराट दाबणाऱ्या) २ ते ३ हजार, स्पीकरखालच्या रिंगा आणि कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) हजारभरात.

रानवारा

वरच्याशी सहमत, पण यात दार सगळ्यात महत्त्वाचं. दार हेच स्पीकरचं खोकं आहे. वूफर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात आणि त्यांवर फक्त प्लास्टिकचा कागद. मागची हवा त्यातून पुढे येऊन पुढच्या हवेला मारते आणि बास तिथेच संपतो. महागडा स्पीकर उघड्या दारात टाकला तर तोही थपथपच वाजेल.

बाहेरचा पत्रा आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकटपणा राहिला तर उन्हाळ्यात शीट सुटते. २ मिमीची ब्यूटिल (रबराची) डॅम्पिंग शीट घ्या. डांबराची स्वस्त शीट उन्हात वितळून खाली घसरते आणि वास मारते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला ३० ते ४० टक्के भाग पुरतो. रोलर इतका दाबून फिरवा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. मग बोटाने ठोठावून पाहा: आधी 'टण्ण' वाजत होतं ते आता 'ठप' वाजेल. त्यानंतर आतल्या पत्र्याची भोकं बंद करा. मोठ्या भोकावर नुसती शीट चिकटवली तर ती फुगते आणि ढिली पडते. आधी ॲल्युमिनियम किंवा एबीएसचा (टणक प्लास्टिकचा) तुकडा स्क्रूने बसवा, वरून शीट. पुढे काचेचं काम निघालं तर तो खोलता येतो.

दाराच्या तळाच्या निचऱ्याच्या फटी मात्र मोकळ्या ठेवा. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतच असतं आणि त्या फटींतून बाहेर जातं. त्या बुजल्या तर दार आतून गंजतं.

बसवताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडा, पण त्याआधी काच पूर्ण खाली घ्या. मग स्पीकर बसतो त्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. मॅग्नेट आणि काच यांत ५ मिमी तरी मोकळी राहिली पाहिजे. कंपनी स्पीकरच्या प्लास्टिक फ्रेममध्येच स्पेसर असतो, नव्यात नसतो, म्हणून रिंग लागते. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) रिंग आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगते. एबीएसची घ्या, नाहीतर एमडीएफला सगळ्या बाजूंनी वॉर्निशचे दोन हात द्या. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी, नाहीतर खडखड कायम राहील. डोअर पॅडच्या दोन-चार क्लिपा तुटतातच, जादा आणून ठेवा.

पंचवटीकर

दोघांचेही आभार. दोन शंका. कपलर लावला तरी प्लस-मायनस उलटं जायची भीती आहे, कसं ओळखायचं? आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर टाकला तर कंपनी स्टिरिओला आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल देणारं आउटपुट) नाही, मग?

रानवारा

१.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. स्पीकरच्या प्लसला सेलचा प्लस, मायनसला मायनस, क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर बरोबर. हीच चाचणी दारात, स्टिरिओकडचा कपलर सोडून, त्या टोकाच्या दोन पिनांवरूनही घेता येते. दोन्ही दारांचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. कंपोनंटमध्ये ही चाचणी वूफरपुरतीच, ट्वीटरला सेल लावू नका. एक बाजू उलटी राहिली तर बास गायब होतो आणि लोक उगाच स्पीकरला दोष देतात.

स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नका. या आयसीच्या दोन्ही वायरींवर सुमारे ६ ते ७ व्होल्ट असतात, बॉडीला लागली की आयसी जाऊ शकते.

तांब्याची तार

आरसीए नसला तरी अडत नाही. 'हाय लेव्हल इनपुट' असलेला ४ चॅनेल अ‍ॅम्प घ्या, त्याला स्टिरिओच्या स्पीकर वायरीच जातात. अनेक मॉडेल त्या वायरींवरचे व्होल्ट ओळखून स्वतः चालू होतात. ५० आरएमएस × ४, क्लास डी (कमी तापणारा प्रकार) पुरे. पूर्ण आवाजात तो १८ अँपिअरच्या आसपास ओढेल.

पॉवर वायर थेट बॅटरीपासून, ८ गेज, शुद्ध तांब्याची. विकत घेताना चाकूने तिरका छेद देऊन पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, ती घेऊ नका. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. हा फ्यूज वायर वाचवायला असतो: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट (कडेची रिंग) नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, आणि फ्यूज अ‍ॅम्पजवळ असेल तर मधली सगळी वायर पेटते. अर्थिंग छोटं, त्याच जाडीचं, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी हे अर्थिंग तपासा.

अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवतो. स्पीकर सोडा, बास-ट्रेबल शून्यावर, क्रॉसओव्हर (स्वर वाटून देणारा फिल्टर) बंद, स्टिरिओचा आवाज कमालच्या तीन चतुर्थांशावर. यूएसबीवरून ३०० हर्ट्झची ० डीबी (पूर्ण पातळीची) टोन वाजवा. बहुतेक ट्यूटोरियलमध्ये १ किलोहर्ट्झ सांगतात, पण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट ४०० हर्ट्झच्या पुढे नीट मोजत नाहीत. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर गेन हळूहळू वाढवत १४.१ व्होल्ट एसीला थांबा, ४ ओहमवर ते ५० वॅट होतात. नंतर स्पीकर जोडून हाय पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. बास ट्यूबचा विचार त्यानंतर. जागा हवी असेल तर सीटखालचा ८ इंची सब (सबवूफर, फक्त बासचा स्पीकर) पाहा, डिकी मोकळी राहते.